इस्ट्रोजेन ग्राही जनुक (ईएसआर-१) : बहुरूपता व रोगप्रवणता

इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पेशीत स्वीकारणाऱ्या ‘आल्फा’ ग्राही प्रथिनाचे जनुक. स्थान : सहाव्या गुणसूत्राची लांब भुजा. प्रथिन ५९५ अमिनो आम्लांचे. ग्राहीचे अस्तित्व शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी इस्ट्रॅडिऑलच्या साहाय्याने दाखवले. जनुकाचे क्लोनिंग १९८६ मध्ये झाले. त्यात स्ट्रासबर्ग येथील पिएर शांबाँ यांच्या गटाचा मोठा वाटा होता.

बहुरूपता : सर्वाधिक अभ्यास झाला तो पहिल्या इंट्रॉनमधील पीव्हीयू-२ आणि एक्सबीए-१ या दोन स्थानांचा. दोहोंत केवळ ४६ आधारक-जोड्यांचे अंतर असल्याने ती बहुधा एकत्रच वारशाने येतात. तिसरे स्थान प्रवर्तक भागातील टीए-पुनरावृत्तींचे. इंट्रॉनमधील बदलांनी प्रथिनाची रचना बदलत नाही; जनुकाच्या अभिव्यक्तीचे प्रमाण बदलत असावे, किंवा शेजारच्या दुसऱ्या बदलाची ती केवळ खूण असावी.

अस्थी : या जनुकाचे महत्त्व हाडांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. १९९४ मध्ये अमेरिकेतील २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींत १५७व्या संकेतस्थानी प्रथिननिर्मिती थांबवणारे उत्परिवर्तन होते. त्याची उंची २०४ सेंमी. होती आणि ती अद्याप वाढत होती. हाडांची वाढटोके जुळलेली नव्हती, हाडांचे वय १५ वर्षांचे भरले आणि अस्थिघनता फार कमी होती. टेस्टोस्टेरॉनची पातळी मात्र प्राकृत होती. इस्ट्रोजेनच्या उपचाराने काहीही फरक पडला नाही. पुरुषाच्या हाडांची वाढ थांबण्यास व ती भक्कम होण्यासही इस्ट्रोजेन लागते, हे या एका रुग्णामुळे उघड झाले.

सामान्य बहुरूपतेचा परिणाम अर्थातच सौम्य असतो. युरोपातील आठ केंद्रांच्या १८,९१७ व्यक्तींवरील संयुक्त अभ्यासात (२००४) तिन्ही स्थानांचा अस्थिघनतेशी संबंध आढळला नाही. तथापि एक्सबीए-१ स्थानी एका विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या स्त्रियांत अस्थिभंगाची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी, मणक्याच्या अस्थिभंगाची ३५ टक्क्यांनी कमी दिसली. घनता तीच असताना हाड कमी मोडते, ही बाब विशेष लक्षणीय आहे; अस्थिसुषिरतेचे मोजमाप घनतेवरच थांबू नये, असे त्यातून सूचित होते.

हृदयविकार : फ्रेमिंगहॅम अभ्यासात (२००३) पीव्हीयू-२ स्थानी सी-सी जनुकरूप असलेल्यांत हृद्‌रोगाच्या झटक्याचे प्रमाण अधिक आढळले. कोपनहेगन येथील ९,२४४ व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीत (२००७) त्याला दुजोरा मिळाला नाही. त्याच पाहणीत खुब्याच्या अस्थिभंगाशीही या स्थानाचा संबंध दिसला नाही. लहान नमुन्यांवर आधारलेले जुने निष्कर्ष त्यामुळे जपून वाचावे लागतात.

स्तनाचा कर्करोग : शांघाय येथील स्त्रियांच्या जीनोमव्यापी अभ्यासातून (२००९) जनुकाच्या अलीकडच्या भागात जोखमीशी निगडित बदल सापडला, युरोपीय वंशाच्या स्त्रियांत त्याचा प्रभाव तुलनेने क्षीण आहे. अर्बुदातच नव्याने उद्भवणारी उत्परिवर्तने (५३७ व ५३८ ही स्थाने) वारशाने येत नाहीत. ॲरोमॅटेज-रोधक (इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणारी) औषधे दीर्घकाळ घेतलेल्या, रोग पसरलेल्या रुग्णांत ती आढळतात. त्यांमुळे ग्राही इस्ट्रोजेनवाचूनच कार्यरत राहतो आणि औषध निष्प्रभ ठरते. अशा रुग्णांसाठी इलासेस्ट्रंट या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

इतर : एंडोमेट्रिओसिस, अर्धशिशी व अल्झायमर रोग यांविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

ईएसआर-२ : ‘बीटा’ ग्राहीचे जनुक, चौदाव्या गुणसूत्रावर. शोध १९९६, स्टॉकहोम, उंदराच्या पुरःस्थ ग्रंथीतून.