नर उंदराचा मूत्रमार्ग

* ‘उंदराच्या मुतातून’ : लेखक आसनगावच्या भातखाचरांतल्या उंदरांविषयी बोलत आहेत, त्यामागची शरीररचना प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरातही तशीच दिसते. दोन मूत्रपिंडांपैकी उजवे डाव्यापेक्षा किंचित पुढे, डोक्याकडे असते. माणसाच्या मूत्रपिंडात अनेक शंकू असतात, उंदराच्या मूत्रपिंडात एकच. तिथून दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयात उतरतात. नरात मूत्र आणि वीर्य यांची पुढची वाट एकच : प्रोस्टेट, रेतकोश आणि गोठण ग्रंथी यांच्या नळ्या मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला मिळतात. पुढे नलिका वाकते, म्हणून नर उंदराला कॅथेटर घालणे जिकिरीचे. मादीचे मूत्रद्वार योनीपासून वेगळे असते. शवविच्छेदनात नराच्या नलिकेत कधी पांढरट, मेणासारखा बोळा सापडतो. तो मुतखडा नव्हे, या ग्रंथींचा साकळलेला स्राव. लेप्टोस्पायराचे जंतू मात्र मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांत मुक्काम ठोकतात. उंदीर धडधाकट दिसतो, पण मुतातून जंतू खाचराच्या पाण्यात उतरतात आणि लावणी करणाऱ्याच्या टाचेच्या भेगेतून अंगात शिरू शकतात. — संपा.