परदेशातील क्रीडागुरु : दोन प्रसंग

एखादा खेळ जन्मभूमीबाहेर रुजला, असे केव्हा म्हणता येईल? केवळ प्रदर्शनाने तो रुजत नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हुतूतूचा, म्हणजेच कबड्डीचा, खेळ युरोपीय प्रेक्षकांना दाखविला. परंतु तेवढ्याने तो तेथे रुजला नाही. त्यासाठी शिकविणाऱ्याने त्या भूमीत जाऊन राहावे लागते.

फ्रेड पेंटलंड हा इंग्रज फुटबॉलपटू पहिल्या महायुद्धात जर्मनीतील रूलेबेन छावणीत स्थानबद्ध होता. युद्धानंतर तो स्पेनमध्ये गेला. बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक संघाला त्याने आखूड पासांचा खेळ शिकविला आणि 1930 व 1931 अशी लागोपाठ दोन वर्षे त्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. त्याआधी, 15 मे 1929 रोजी माद्रिद येथे स्पेनने इंग्लंडला 4–3 असे हरविले. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंडचा हा पहिलाच पराभव. आणि विजयी संघाच्या तयारीत पेंटलंडचा हात होता.

दुसरा प्रसंग आपल्या निकटचा आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला कबड्डी संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्या फारसी शिकल्या. योग व प्राणायाम यांना त्यांनी सरावात स्थान दिले. 2010 व 2014 च्या आशियाई स्पर्धांत महिलांचे सुवर्णपदक भारताकडे होते. 24 ऑगस्ट 2018 रोजी जाकार्ता येथे इराणने अंतिम सामन्यात भारताला 27–24 असे नमविले.

हा स्वदेशाशी द्रोह नव्हे काय, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. त्याचे उत्तर शोधताना भाषेची साक्ष उपयोगी पडते. स्पॅनिश खेळाडू आजही प्रशिक्षकाला ‘मिस्टर’ म्हणतात. इंग्रज गुरु गेले, संबोधन राहिले. आपल्या तालमीतील ‘वस्ताद’ हा शब्द तर मूळचा फारसी ‘उस्ताद’. ज्या भाषेने आपल्याला गुरुवाचक शब्द दिला, त्याच भाषेच्या देशात आपली विद्या गेली. विद्येची अशी देवघेव राज्यांच्या सीमा पाहून होत नाही.

गुरूने शिष्याकडून पराभव इच्छावा, हा आपला जुना संकेत. येथे तो अधिक कठीण झाला, कारण पराभव गुरूच्या स्वजनांच्या वाट्याला आला. तथापि हातचे राखून शिकविणे हाच विद्येशी खरा द्रोह होय. शिवाय पराभूतही खचले नाहीत. डिसेंबर 1931 मध्ये लंडन येथे इंग्लंडने स्पेनवर 7–1 अशी मात केली. 2023 मध्ये हांगचौ येथे भारतीय महिलांनी सुवर्णपदक परत मिळविले. जन्मभूमीला हरविण्याइतके सामर्थ्य परक्या शिष्यांत आले, तेव्हाच तो खेळ तेथे खऱ्या अर्थाने रुजला, असे म्हणावे लागेल.