‘सेट’ची बैठक

गेल्या दिवाळीत खोबऱ्याची वडी थापून ठेवली होती. धाकटी जाऊ आत आली, ताटाला बोट लावून म्हणाली, “आक्का, अजून सेट झाली नाही की.” पाचच मिनिटांत शेजारच्या काकी फराळाचा डबा घेऊन आल्या. टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “थोरली सेट झाली का गं?” मला वाटलं वडीचंच विचारतायत. म्हटलं, “अजून ओली आहे, काकी.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण रात्री आडवी झाले तरी तो शब्द काही डोक्यातून जाईना.

थोरली एकतीस वर्षांची. हैदराबादला नोकरी करते, भाड्याच्या घरात एकटी राहते, आजीच्या औषधांचे पैसे न चुकता पाठवते. लग्न केलेलं नाही. मग ती ‘सेट’ झाली की नाही? आणि हे ठरवायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी सहज मोजायला लागले. सकाळी नाष्ट्याला हॉटेलातून सेट दोसा आणला. हा आपल्या कर्नाटकाकडचा. मऊसूत दोन-तीन दोसे एकत्र देतात म्हणून सेट. पाहुण्यांसाठी कपाटातला टी-सेट काढला. भाचीच्या लग्नासाठी मोत्यांचा सेट बघायचा होता. गच्चीवरचा गिलावा सेट व्हायचा होता. धाकट्याने मोबाइलवर अलार्म सेट केला. नणंदेच्या मुलीची सेटची परीक्षा, ती तर नुसती आद्याक्षरं. एका दिवसात एवढे सेट! आणि ज्यांनी इंग्रजीचा ‘ई’ गिरवला नाही अशा माझ्या सासूबाईसुद्धा यातला प्रत्येक अर्थ बरोबर ओळखतात.

शब्द आला कुठून? जुन्या इंग्रजीत ‘सेट्टन’ असं क्रियापद होतं. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखीच ही जोडी. मूळ धातू तर आणखी जवळचा. आपल्या सदन, सभासद, परिषद, संसद या शब्दांत जो संस्कृत ‘सद्’ आहे, त्याच्याच घराण्यातला हा ‘सेट’. म्हणून डॉक्टर हाड ‘सेट’ करतो तेव्हा आपण हाड बसवलं म्हणतो, ते अगदी शब्दाला शब्द जुळतं. सोनार खडा बसवतो, तिथेही तेच.

पण टी-सेटमधला सेट वेगळ्या घरातून आला. लॅटिनमध्ये ‘सेक्टा’ म्हणजे एखाद्याच्या मागून जाणारे लोक, पंथ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेत’ झाला आणि तो इंग्रजीत शिरला. पुढे बसवण्याच्या ‘सेट’शी त्याची अशी सरमिसळ झाली, की दोघं वेगळे होते हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. म्हणजे टी-सेटमधले सहा कप हे मुळात एका पंथाचे, आपल्या भाषेत साधर्मी! शाळेत मुलं गणितात ‘संच’ शिकतात तोही हाच सेट. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत गेओर्ग कँटर यांनी या संचांचा अभ्यास करून दाखवलं, की अनंतातही लहान-मोठं असतं. आपल्या आगमांत संख्यात, असंख्यात, अनंत आणि त्यांचे पोटभेद सांगितले आहेत; लहानपणी ते पाठ केलेल्या बाईला या गोष्टीचं फार नवल वाटायचं कारण नाही.

या शब्दाने कोशकारांचा घाम काढला. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत इंग्रजीच्या नव्या कोशाची कल्पना १८५७ मध्ये निघाली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याशी करार झाला. दहा वर्षांत संपेल असं वाटलेलं काम १९२८ मध्ये पुरं झालं. मरे तर १९१५ मध्येच वारले होते. ‘सेट’ ज्या भागात येतो तो हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा कोश वीस खंडांचा झाला, आणि त्यात सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची: सुमारे ६०,००० शब्द आणि ४३० अर्थ. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं.

हे अर्थ गोळा कसे झाले, ते आपण बायकांनी वाचण्यासारखं आहे. शेकडो लोक घरी पुस्तकं वाचून, शब्द कसा वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून टपालाने पाठवत. त्यांत बायकाही पुष्कळ होत्या. ईडिथ थॉम्पसन आणि त्यांच्या बहिणीने वर्षानुवर्षं अशा चिठ्ठ्या पाठवल्या. मऱ्यांची मुलं घरात चिठ्ठ्यांची वर्गवारी करत; एल्सी आणि रॉसफ्रिथ या मुली पुढे कोशाच्या कामातच राहिल्या. कोश पुरा झाल्यावर जून १९२८ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मोठी मेजवानी झाली. पंगतीला पुरुष. बायकांना बोलावणं नव्हतं. काहींना वर सज्जात बसून खालचं जेवण बघायची परवानगी मिळाली. शब्द वेचायला बाई चालली, पंगतीला नाही चालली. बसवण्याच्या शब्दाचे अर्थ लावणाऱ्यांना कुठे बसवलं, पाहा.

मला एक हळहळही वाटते. आपल्याकडे या प्रत्येक कामाला वेगळा शब्द होता. वडी आळते, तूप थिजतं, घड्याळ लावतात, पान मांडतात, पेपर काढतात, सूर्य मावळतो. आमच्या घरी अजून दिवस मावळायच्या आत पानं मांडली जातात. दोन्ही शब्द त्यामुळे टिकलेत. बाकीचे मात्र एकट्या ‘सेट’च्या पोटात चाललेत. परक्या शब्दाशी माझं भांडण नाही. एका वस्तूला अनेक बाजू असतात हे तर आपल्याला घरातच शिकवलेलं. पण उलट होतंय: बाजू अनेक आणि शब्द एकच. मग वडीला आणि मुलीला एकच प्रश्न विचारला जातो.

वडी आपण थापतो, ती आपोआप आळते. मुलीचं तसं नसतं. ‘सेट’ म्हणजे बसवणे, आणि बसवणे म्हटलं की बसवणारा दुसरा कुणी लागतो. माझ्या आईला आजोबांनी बसवलं, मला वडिलांनी. दोघींचे संसार नीट झाले, तक्रार नाही. पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, तेवढं खरं.

संक्रांतीला काकी वाण घ्यायला आल्या आणि पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी वडीची चूक केली नाही. म्हटलं, “काकी, तिला कुणी बसवलं नाही. ती आपली आपण बसली आहे, नीट मांडी घालून.”

काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग तिळगूळ तोंडात टाकत म्हणाल्या, “तिचं घर केवढं आहे गं? आपण दोघी गेलो तर मावू का?”