बोटावरची बाग

मंडळी, ह्या विकांताला चक्क दागिन्यांवर लिहितोय. सोन्याशी माझा संबंध लग्नसराईपुरताच. पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात काही जुन्या अंगठ्या आहेत, त्यांचे फोटो बघत बसलो आणि रविवार कधी संपला कळलंच नाही.

ह्या अंगठ्यांना म्हणतात 'जिआर्दिनेत्ती'. इटालियन शब्द, अर्थ 'छोट्या बागा'. अठराव्या शतकाच्या मधल्या काळात युरोपात ह्यांची चांगलीच फॅशन होती. नखाएवढ्या जागेत एक परडी किंवा फुलदाणी, तिच्यातून वर आलेल्या दोन-चार नाजूक फांद्या आणि फुलांच्या जागी बारीक बारीक हिरे. मध्येच माणकाची एखादी पाकळी, पाचूचं पान.

आता आपल्या आवडीचा भाग, म्हणजे हे बनवलंय कसं! अंगठीचं कडं सोन्याचं, पण हिरे बऱ्याचदा बसवलेले चांदीत. कारण सोन्याची पिवळी झाक हिऱ्यात उतरते, चांदीत तो पांढरा दिसतो. (प्लॅटिनम दागिन्यांत रुळायला अजून दीडशेक वर्षं होती.) हिऱ्यांचे पैलू 'रोझ कट' पद्धतीचे, म्हणजे तळ सपाट आणि वर त्रिकोणी पैलूंचा छोटासा घुमट. चपट्या खड्यातून असा हिरा काढला की माल कमी वाया जातो. कोंदण मागून बंद आणि खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा. आपल्याकडचे जुने सोनार ह्यालाच डांक म्हणायचे. खोलीत उजेड मेणबत्त्यांचा, त्यामुळे येईल तो प्रकाश परत फेकायची ही सोय. मला हे डिझाइन फार आवडलं. मर्यादा माहीत असलेल्या माणसाने केलेलं काम आहे.

पण हिरे आले कुठून?

१७२० च्या दशकापर्यंत उत्तर सोपं होतं: जवळजवळ सगळे भारतातून. आपल्या महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पुढे आंध्रात जाते, तिथे तिच्या काठावर कोल्लूरची खाण होती. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए तिथे जाऊन आला होता. १६७६ साली छापलेल्या पुस्तकात तो सांगतो की तिथे बायकामुलं धरून साठ हजार माणसं राबत होती. ह्या मुलखातला बराच माल गोव्यातून पोर्तुगीज जहाजांवर चढायचा.

मग ब्राझीलमध्ये हिरे सापडले. १७२९ मध्ये तिथल्या गव्हर्नरने लिस्बनला तसं रीतसर कळवलं आणि लवकरच युरोपात हिऱ्यांचे भाव गडगडले. धास्तावलेल्या व्यापाऱ्यांनी अफवा उठवली की हे हिरे ब्राझीलचे नाहीतच, भारतातला टाकाऊ माल गोव्याहून तिकडे नेलाय. त्यावर पोर्तुगीजांनी म्हणे ब्राझीलचा माल गोव्याला पाठवला आणि 'भारतीय' म्हणून विकला! गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण खड्याकडे नुसतं बघून तो कुठला हे तेव्हाही सांगता येत नव्हतं, एवढं त्यातून कळतं.

ब्राझीलमध्ये हे काम गुलाम करत. नदीच्या पाण्यात वाकून वाळू धुवायची, समोर उंचावर मुकादम डोळे लावून बसलेले. जॉन माव नावाचा इंग्रज १८०९ मध्ये तिथे गेला होता. त्याने तिथले नियम लिहून ठेवलेत. साडेसतरा कॅरटचा हिरा सापडला, तर त्या गुलामाच्या डोक्यावर फुलांचा मुकुट घालून मिरवणूक काढायची आणि मालकाला पैसे देऊन त्याला मोकळं करायचं. आठ-दहा कॅरटचा सापडला तर दोन नवे सदरे, कपड्यांचा जोड, टोपी आणि चाकू. त्याहून लहान असेल तर त्या मानाने बक्षीस. साडेसतरा कॅरट म्हणजे आजच्या हिशोबाने जेमतेम साडेतीन ग्रॅम. माव तिथे असतानाच एकाला साडेसोळा कॅरटचा सापडला. सगळे श्वास रोखून बघत होते. वजन झालं... एक कॅरट कमी!

हे वाचल्यावर मी ते फोटो पुन्हा उघडले. जिआर्दिनेत्तीमधले खडे कॅरटच्या लहानशा अंशाचे. ह्यातल्या एकाही खड्याने कुणाची सुटका झालेली नसणार. अंगठ्या मावच्या भेटीच्या पन्नासेक वर्षं आधीच्या, पण गुलामी तेव्हाही होतीच.

गंमत बघा, हा लहानपणाच त्या अंगठ्यांच्या पथ्यावर पडला. मोठ्या हिऱ्यांना कुणी सुखाने राहू देत नाही. कोहिनूर १८५२ मध्ये पुन्हा कापला, १८६ कॅरटचा १०५ वर आला. ताव्हेर्निएने नेलेला निळा हिरा फ्रान्सच्या राजाने कापून घेतला, १७९२ मध्ये तो चोरीला गेला आणि पुन्हा कापला जाऊन 'होप' झाला. फ्रान्सच्या सरकारने १८८७ मध्ये राजघराण्याचे दागिने लिलावात काढले, त्यातले कित्येक मोडले गेले. फॅशन बदलली की मोठा खडा नव्या दागिन्यात जातो. पण ह्या बारक्या खड्यांसाठी अंगठी मोडायची म्हणजे सोनाराची मजुरीही निघायची नाही. म्हणून बागा राहिल्या.

तुमच्यापैकी कुणी परदेशात असाल आणि जुन्या बाजारात अशी अंगठी दिसली, तर आधी उलटी करून बघा. पाठ बंद आहे का? असेल आणि घेतलीत, तर कृपा करून पाण्यात बुडवू नका. पाणी आत शिरलं की डांक काळा पडतो आणि अडीचशे वर्षं चमकलेलं फूल आठवड्याभरात विझतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस्स.