फाटलेलं खत

वाकडहून सदाशिव पेठेत पोचायला बसने सहज तासभर लागतो. दर शनिवारी त्या तासात मी फोनवर एकच फोटो मोठा करकरून बघत असतो. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "डॉक्टरची चिठ्ठी का?" मोडी आहे, म्हटलं. ते म्हणाले, "तेच की!"

फोटो आमच्या गावच्या ट्रंकेतल्या कागदाचा आहे. पेशव्यांनी आपल्या पूर्वजांना दिलेली इनामाची सनद, असं घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. दर गणपतीत आमचे काका ही गोष्ट रंगवून सांगतात. कागद कुणालाच वाचता येत नव्हता, त्यामुळे कुणी अडवतही नव्हतं. मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून पोट भरतो. म्हटलं, हेही वाचून बघू. मोडीच्या वर्गाला नाव घातलं.

आधी साल लागलं. 'सलास तिसैन मया व अलफ'. मराठी तोंडात बसलेले अरबी आकडे. तीन, नव्वद, शंभर, हजार. एकं आधी, हजार शेवटी. म्हणजे सुहूर सन ११९३. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की आपलं १७९२ येतं. तेव्हा गादीवर सवाई माधवराव, कारभारी नाना फडणीस, आणि त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आलेले. मी खूश. सनदच असणार!

मग हळूहळू मजकूर लागला. शेत गहाण ठेवून पन्नास रुपये घेतले, व्याजासुद्धा फेडू. घेणाऱ्याचं आडनाव आमचं.

सनद नव्हती, कर्जाचं खत होतं.

पण माझं डोकं थांबेना. १७९१-९२ मध्ये दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता. म्हणजे पोटासाठीच घेतले असणार. मी हे वर्गात जोरात सांगितलं. सरांनी शांतपणे विचारलं, "दुष्काळ कुठल्या ओळीत आहे?"

कुठल्याच नव्हता. लग्नासाठी घेतले असतील, बैलासाठी घेतले असतील. कागदात कारणच नाही. इनामाची गोष्ट काढून मी त्याच जागी दुसरी गोष्ट बसवत होतो. ती मला जास्त शोभत होती, एवढंच.

सरांनी पुढचा प्रश्न विचारला. "खत सावकाराकडे राहतं. मग हे तुमच्या ट्रंकेत कसं?" आणि फोटोवर बोट ठेवलं. कागद वरून मधोमध सरळ फाटलेला होता. आम्ही उंदरांना दोष देत होतो. काकांनी तर तो प्रेमाने चिकटपट्टी लावून जोडला होता. कर्ज फिटलं की लेख फाडावा, असं याज्ञवल्क्यस्मृतीतही सांगितलंय. सर हसून म्हणाले, "चिकटपट्टी लावून तुम्ही फिटलेलं कर्ज पुन्हा उभं केलंत की!"

म्हणजे बहुधा फिटलं होतं. बहुधाच, कारण मागे भरण्याची नोंद नाही. पूर्वी हा शब्द मला पळवाट वाटायचा. आता वाटतं, इतिहासात सगळ्यात जास्त मेहनत याच शब्दामागे असते.

परतीच्या बसमधून पाट्या दिसतात. पेशवेकालीन मिसळ, ऐतिहासिक वाडा, शिवकालीन परंपरा. प्रत्येकीला मनात विचारतो, कुठल्या ओळीत आहे? पण तोच प्रश्न घरच्या ग्रुपवर टाकायचा धीर होईना. मेसेज लिहिला, खोडला. शेवटी आजीला फोन केला.

"आजी, इनाम नव्हतं गं. कर्ज होतं."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "फेडलं का रे त्यांनी?"

"फेडलेलं दिसतंय. खत फाडलंय."

"मग झालं तर. इनाम काय, कुणीही देईल. गणपतीत तुझ्या काकाला मीच सांगते. तू फक्त ती चिकटपट्टी नीट काढून घे."