ओळखीच्या शब्दाचा धोका

आपल्यापैकी ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-ग्वाल्हेरकडे आहेत, त्यांना ‘शिक्षा’ या शब्दाची गंमत सांगावयास नको. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. घरात एक अर्थ आणि शाळेत दुसरा ऐकत वाढलेल्या आम्हांस त्याचे कधी ओझे वाटले नाही. परंतु असेच शब्द रुग्णालयात किंवा न्यायालयात भेटतात, तेव्हा गंमत संपते. स्पॅनिश वैद्यकीय शब्दांच्या इंग्रजी भाषांतराचा इतिहास हेच सांगतो.

या इतिहासातील एक आरंभीचे पान १५७७ सालचे आहे. सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी अमेरिका खंडातून स्पेनमध्ये येणाऱ्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ त्या वर्षी जॉन फ्रॅम्प्टन या व्यापाऱ्याने इंग्रजीत आणला. फ्रॅम्प्टन स्पेनमध्ये व्यापार करीत असे. तेथील धर्मन्यायालयाचा जाचही त्याने सोसला होता. ज्या वनस्पतींना इंग्रजीत नावच नव्हते, त्यांची नावे त्याने फारशी न बदलता ठेवली. सार्सापरिला हा शब्द इंग्रजीत रुळला तो अशा मार्गाने. अनोळखी शब्दाने भाषांतरकाराला सावध केले आणि सावधपणामुळे घोटाळा टळला.

धोका असतो तो ओळखीच्या शब्दाचा. ग्रीक भाषेत ‘टोक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाला लावावयाच्या विषाचे नाव त्यावरून पडले आणि लॅटिनमध्ये ते विषमात्राला लागू झाले. त्याच मुळापासून स्पॅनिशमध्ये ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द आला. शिळे अन्न, औषध, वायू अशा कशानेही बाधा झालेल्या माणसास तो लावतात. इंग्रजीतही तत्सम शब्दाचा मूळ अर्थ विषबाधा हाच होता. पण नित्य व्यवहारात तो मद्याच्या वा मादक द्रव्याच्या नशेकडे सरकला. रूप एकच राहिले, अर्थ मात्र वेगळ्या वाटेने गेला.

या फरकाची किंमत १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका अठरा वर्षांच्या तरुणाने मोजली. बेशुद्धावस्थेत त्याला रुग्णालयात आणले गेले. मूळच्या क्यूबाच्या कुटुंबाला वाटले, बाहेरच्या खाण्यातून बाधा झाली असावी. त्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द उच्चारला. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ मादक द्रव्यांचे अतिसेवन असा घेतला आणि उपचार त्याच दिशेने चालले. दुभाषा बोलावला गेला नाही, कारण परस्परांचे बोलणे समजले आहे असेच दोन्ही बाजूंना वाटत होते. वास्तविक त्या मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो ध्यानात येईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ गेला आणि त्याचे दोन्ही हात व दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे तडजोडीत आयुष्यभरासाठी मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर ठरले. गेलेले हातपाय त्यातून थोडेच परत येणार!

न्यायवैद्यकातील अडचण निराळी असते. तेथे शब्दामागे कायद्याची संपूर्ण व्यवस्था उभी असते. स्पॅनिश कागदांत ‘लेवान्तामिएन्तो देल कादावेर’ असा प्रयोग येतो. शब्दशः अर्थ ‘प्रेत उचलणे’. प्रत्यक्षात ती घटनास्थळी प्रेताची पाहणी व नोंद करून, न्यायाधिकाऱ्याच्या आज्ञेने ते हलविण्याची विधिवत कारवाई असते. ‘उचलणे’ एवढेच लिहिणारा भाषांतरकार त्या कारवाईचा पुरावा म्हणून असलेला अर्थच पुसून टाकतो. सरकारी सेवेत इंग्रजी पत्रव्यवहार करताना आम्ही ‘पंचनामा’ हा शब्द इंग्रजीतही तसाच ठेवीत असू, त्याचे शहाणपण येथे पटते.

मराठीपुरते म्हणाल, तर आपण भाग्यवान आहोत. ‘विषबाधा’ आणि ‘नशा’ हे आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मात्र आपली मंडळी आज कानडी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे बसतात. अशा वेळी आजाराला एका शब्दाचे नाव न देता, काय खाल्ले, केव्हा त्रास सुरू झाला, प्रथम काय दिसले, हे सविस्तर सांगावे. आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली, तरी त्याला काय समजले, हे एकदा विचारून घ्यावे.