जुन्या बसगाडीचे पुनरुज्जीवन आणि अस्सलपणाचा प्रश्न

जुने वाहन हे इतिहासाचे साधन मानले, तर दुरुस्तीनंतर त्याचे साधनमूल्य कितपत उरते, हा प्रश्न उपस्थित होतो. ब्रिटनमधील ‘बेडफर्ड ओबी’ ही बस या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९३९ मध्ये आलेल्या या गाडीचे उत्पादन महायुद्धामुळे खंडित होऊन १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाले. चासी व इंजिन व्हॉक्सहॉल कंपनीचे, तर बॉडी बहुधा लंडनच्या ड्युपल कारखान्याची असे.

त्यामुळे दुरुस्तीचे स्वरूपही दुहेरी ठरते. सहा सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात झिजलेले सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसविता येतात. मूळ ब्लॉक टिकतो. बॉडीचे तसे नाही. पत्र्याखालील ॲश लाकडाचा सांगाडा सांध्यांत पाणी मुरून कुजतो. कुजका खांब बदलताना हत्यारांच्या खुणा, पूर्वीच्या दुरुस्त्या व रंगाचे थर हे पुरावेही नष्ट होतात. गाडी धावू लागते. साधन मात्र क्षीण होते.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) धावलेली राज्य परिवहनाची पहिली गाडीही लाकडी बॉडीची बेडफर्डच होती. म्हणजेच हा प्रश्न महाराष्ट्राच्या परिवहन-इतिहासालाही लागू पडतो. सारांश, भाग उतरविण्यापूर्वी मोजमाप व छायाचित्रे घेणे, नव्या लाकडावर वर्ष कोरणे आणि काढलेल्या भागांचे नमुने जपणे ही पुनरुज्जीवनाची अंगेच होत. त्यांवाचून उरते ती केवळ चालती प्रतिकृती.